जॉन मर्सर लँगस्टन: लॉ कॉलेजने नाकारलेल्या माणसाने काढलेलं लॉ कॉलेज (प्रकरण अभ्यास)

वीस-एकवीस वर्षांचा पदवीधर मुलगा. शिक्षण चांगलं, भाषण त्याहून चांगलं, वडिलांनी मृत्युपत्रात ठेवलेले पैसेही आहेत, आणि त्याला वकील व्हायचंय. कॉलेजचा प्रमुख म्हणतो की तुला घेतो, फक्त तू इथला कृष्णवर्णीय आहेस हे कुणाला सांगायचं नाही, फ्रेंच आहे म्हण नाहीतर स्पॅनिश आहे म्हण, वेस्ट इंडीज किंवा दक्षिण अमेरिकेकडून आलोय म्हण. ठिकाण न्यूयॉर्क राज्यातलं बॉलस्टन स्पा नावाचं गाव, काळ १८५० च्या आसपासचा.

हा मुलगा म्हणजे जॉन मर्सर लँगस्टन. पुढे ते ओहायो राज्यातले पहिले कृष्णवर्णीय वकील झाले आणि वॉशिंग्टनच्या हॉवर्ड युनिव्हर्सिटीचा (ही मुख्यतः मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांसाठी काढलेली) कायदा विभाग त्यांनी सुरू केला, तिथले पहिले डीनही तेच. त्यांचं आयुष्य खूप मोठं आहे, राजदूत झाले, खासदार झाले, पण मी इथे सगळं चरित्र सांगत नाहीये. एकच धागा धरलाय, वकिलीच्या दारात आलेली अडवणूक, त्यावर त्यांनी काय काय केलं आणि त्यातून जी संस्था उभी राहिली तिचं काय झालं. माझ्या मते यातला खरा प्रश्न असा की एका हुशार माणसाला अपवाद म्हणून आत घेतलं तर त्याच्या मागे उभ्या असलेल्या दुसऱ्याला त्याचा उपयोग काय?

पार्श्वभूमी

लँगस्टन यांचा जन्म १४ डिसेंबर १८२९ चा, व्हर्जिनियातल्या लुईझा काउंटीतला. वडील राल्फ क्वार्ल्स गोरे जमीनदार, मळ्याचे आणि गुलामांचे मालक. आई ल्यूसी जेन लँगस्टन, आफ्रिकन आणि मूळ अमेरिकन वंशाची, आधी क्वार्ल्स यांचीच गुलाम, नंतर त्यांनीच तिला मुक्त केलं. दोघं आयुष्यभर एकत्र राहिले पण कायद्याने लग्न करता येत नव्हतं. आई मुक्त झाल्यानंतर जन्मलेली म्हणून गिडियन, चार्ल्स आणि जॉन ही तिन्ही मुलं जन्मापासून स्वतंत्र होती. १८३४ मध्ये आईवडील दोघंही गेले, जॉन तेव्हा चार वर्षांचा. वडिलांनी मृत्युपत्रात मुलांसाठी मालमत्ता ठेवली होती, ही गोष्ट लक्षात ठेवा कारण पुढच्या सगळ्या निर्णयांमागे ती आहे. खिशात काहीच नसतं तर यातले अर्धे पर्याय त्यांच्यासमोर आलेच नसते.

जॉनला ओहायोतल्या चिलिकोथी गावात वडिलांच्या मित्राकडे, विल्यम गूच यांच्याकडे ठेवलं. गूच कुटुंबाने त्याला घरच्या मुलासारखं वाढवलं. पण १८३९ मध्ये हे कुटुंब मिझुरीला जायला निघालं आणि मिझुरीत गुलामगिरी कायदेशीर होती, तिथे या मुलाच्या स्वातंत्र्याला धोका होता. सावत्र भाऊ विल्यम लँगस्टन कोर्टात गेला आणि कोर्टाने मुलाला ओहायोबाहेर न्यायला मनाई केली. नऊ वर्षांच्या मुलाच्या डोळ्यांसमोर कोर्टाने त्याचं आयुष्य एका दिवसात इकडचं तिकडे केलं. त्याला पुढे वकीलच का व्हायचं होतं हे मला इथेच कळतं. नंतर तो सिनसिनाटीत राहिला, तिथे १८४१ मध्ये गोऱ्या जमावाने कृष्णवर्णीयांच्या वस्तीवर हल्ला केला, तोफ आणली होती, तेही त्याने बघितलं.

१८४४ मध्ये तो ओबर्लिनला शिकायला गेला. ओबर्लिन कॉलेज १८३५ पासून कृष्णवर्णीयांना प्रवेश देत होतं आणि त्याचे दोन्ही मोठे भाऊ तिथल्या पहिल्या कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांपैकी होते. १८४९ मध्ये पदवी मिळाली.

अडचण नेमकी काय होती

त्या काळात अमेरिकेत वकील व्हायला लॉ कॉलेज लागायचंच असं नाही. बहुतेक जण एखाद्या वकिलाच्या ऑफिसात दोनेक वर्षं राहून पुस्तकं वाचायचे, कागदपत्रांच्या नकला करायचे, सिनियरबरोबर कोर्टात बसायचे, मग न्यायाधीशांनी नेमलेली समिती तोंडी परीक्षा घ्यायची आणि सनद मिळायची. म्हणजे रस्ता साधा होता, पण तो पूर्ण ओळखीवर चालायचा. कुणीतरी तुम्हाला आपल्या ऑफिसात बसू द्यायला हवं, आणि शेवटी समितीने आणि कोर्टाने तुम्हाला आपल्यातला मानायला हवं. प्रत्येक पायरीवर कुणी ना कुणी माणूस बसलेला आणि त्याला नाही म्हणायला काहीच लागत नाही.

त्यात ओहायोचे कायदे. १८०४ आणि १८०७ च्या कायद्यांनी कृष्णवर्णीयांना राज्यात राहायला ५०० डॉलरचा जामीन मागितला होता, गोऱ्याविरुद्ध कोर्टात साक्ष द्यायला बंदी होती. यातलं बरंचसं १८४९ मध्ये रद्द झालं, म्हणजे लँगस्टन पदवीधर झाले त्याच वर्षी. पण मतदानाचा हक्क १८५१ च्या नव्या राज्यघटनेतही गोऱ्या पुरुषांपुरताच ठेवला. आणि १८५० मध्ये पळून आलेल्या गुलामांना पकडून परत पाठवण्याचा देशव्यापी कायदा आला. ज्या कोर्टात अशा माणसांचा निकाल लागणार त्या कोर्टात त्यांच्या बाजूने उभा राहणारा त्यांच्यातलाच कुणी नाही, ही परिस्थिती होती.

देशात याआधी उदाहरणंच नव्हती असंही नाही. मेकन बोलिंग ॲलन यांना मेन राज्यात १८४४ ला आणि मॅसॅच्युसेट्समध्ये १८४५ ला सनद मिळाली होती, रॉबर्ट मॉरिस यांना बोस्टनमध्ये १८४७ ला. पण ते पूर्वेकडे, ओहायोत कुणी नाही.

समोरचे पर्याय

लँगस्टन यांनी १८९४ मध्ये आत्मचरित्र लिहिलं, गंमत म्हणजे स्वतःबद्दल पूर्ण तृतीयपुरुषी, ‘लँगस्टन म्हणाला’, ‘त्याने ठरवलं’ असं. बॉलस्टन स्पाचा प्रसंग त्यात सविस्तर आहे. तिथलं लॉ स्कूल जे. डब्ल्यू. फाउलर चालवायचे. लँगस्टन स्वतः तिथे जाऊन भेटले. फाउलर यांनी सहकाऱ्यांशी बोलून सांगितलं की प्रवेश देता येणार नाही, दक्षिणेकडचे विद्यार्थी मिळवायचे आहेत, त्यांना हे चालणार नाही. इथपर्यंत तो नेहमीचा नकार. पण मग त्यांनी दोन आडवाटा सुचवल्या आणि या दोन आडवाटा मला या संपूर्ण प्रकरणातल्या सगळ्यात बोलक्या गोष्टी वाटतात.

पहिली वाट अशी की वर्गात येऊन बाकीच्यांपासून लांब बस, प्रश्न विचारू नकोस, गप्प राहा, आणि काही दिवसांनी कुणी हरकत घेतली नाही तर हळूहळू जरा पुढे सरक, मग आणखी पुढे, असं करत करत एक दिवस तू वर्गाचा विद्यार्थी होशील. दुसरी वाट वर सांगितली ती, परदेशी असल्याचं सोंग.

लगेच संतापून नाही म्हणणं आज आपल्याला सोपं वाटतं. पण त्या मुलाच्या जागी बसून बघा. रंगाने तो उजळ, सोंग निभावलंही असतं बहुतेक. दोन वर्षं गप्प बसायचं, हातात शिक्षण घ्यायचं, मग बाहेर पडून हजारो लोकांच्या कामी यायचं, असा हिशोब कुणी मांडला तर तो मूर्खपणाचा नक्कीच नाही. आणि फाउलर दुष्टपणाने बोलत होते असंही दिसत नाही, त्यांना वाटत होतं की आपण मदतच करतोय. हीच त्यातली अवघड बाजू. उघड शत्रूचा नकार पचवता येतो, पण चांगल्या मनाने सांगितलेलं ‘जरा लपून राहा’ हे नाकारायला फार जास्त बळ लागतं.

लँगस्टन यांनी दोन्ही नाकारलं. त्यांचं म्हणणं साधारण असं की मी अमेरिकन आहे, कृष्णवर्णीय आहे, याच देशात जन्मलोय, दुसऱ्या कुणाचं नाव लावून शिकणार नाही.

तिसरा पर्याय दुसरं कॉलेज. सिनसिनाटीच्या लॉ स्कूलला विचारलं, तिथे न्यायाधीश टिमथी वॉकर होते. उत्तर आलं की आमच्या विद्यार्थ्यांना तुमच्यासोबत बरं वाटणार नाही आणि तुम्हालाही त्यांच्यासोबत वाटणार नाही. म्हणजे नकार परत काळजीच्या भाषेत.

चौथा पर्याय पूर्वेकडे निघून जाणं, बोस्टनला, जिथे कृष्णवर्णीय वकिलांना सनद मिळाली होती. एकट्याच्या करिअरसाठी हा बहुधा सगळ्यात सरळ रस्ता होता. पण तसं केलं असतं तर ओहायोत जे घडलं ते घडलं नसतं. पाचवा म्हणजे वकिली सोडून धर्मोपदेशक किंवा शिक्षक होणं, जे ओबर्लिनमधून बाहेर पडणाऱ्या कृष्णवर्णीय पदवीधराकडून लोक अपेक्षितच धरायचे. आणि सहावा, एखादा वकील शोधणं जो स्वतःच्या ऑफिसात जागा देईल.

काय केलं

त्यांनी जे केलं ते पाचवा आणि सहावा पर्याय एकापुढे एक लावल्यासारखं आहे. आधी ओबर्लिनलाच धर्मशास्त्राचा अभ्यास केला, १८५३ पर्यंत. उद्देश चर्चमध्ये जाण्याचा नव्हता. धर्मशास्त्राच्या वर्गात तर्क, वादविवाद, मजकुराचा अर्थ लावणं हे सगळं कसून शिकवलं जायचं आणि कायद्याला तेच लागतं. दार बंद असताना वेळ वाया न घालवता शेजारच्या खोलीत जाऊन तीच हत्यारं पाजळणं, हा निर्णय मला फार आवडतो. आणि हे सगळं चालू असताना राज्यभर भाषणं, सभा, परिषदा, त्यामुळे नाव होत गेलं आणि गुलामगिरीविरोधी वकील-राजकारण्यांशी ओळखी होत गेल्या.

मग इलिरिया गावचे वकील फिलेमन ब्लिस यांनी त्यांना आपल्या हाताखाली घेतलं. ब्लिस पुढे अमेरिकन काँग्रेसमध्ये निवडून गेले आणि आणखी पुढे, १८७२ मध्ये, मिझुरी युनिव्हर्सिटीच्या कायदा विभागाचे पहिले डीन झाले. म्हणजे एका छोट्या गावातल्या ऑफिसातून गुरू आणि शिष्य असे दोन डीन निघाले.

१८५४ मध्ये परीक्षा. समितीने तपासलं, कायद्याचं ज्ञान पुरेसं आहे हे मान्य केलं, प्रश्न उरला रंगाचा. इथे ओहायोच्या सुप्रीम कोर्टाचे जुने निकाल कामाला आले. १८३१ मध्ये आणि मग १८४२ मध्ये त्या कोर्टाने म्हटलं होतं की ज्याच्यात काळ्यापेक्षा गोरं रक्त जास्त तो कायद्यापुरता गोरा. वडील पूर्ण गोरे, आई आफ्रिकन आणि मूळ अमेरिकन अशा मिश्र वंशाची, तेव्हा लँगस्टन यांच्यात गोरं रक्त जास्त ठरलं. सप्टेंबर १८५४ मध्ये शपथ झाली, सनद मिळाली.

आता इथे थांबावंच लागतं. चार वर्षांपूर्वी ज्या माणसाने परदेशी म्हणवून घ्यायला नकार दिला त्याला सनद मिळाली ती कायद्याने गोरा धरून. ही विसंगती आहे का? मी यावर बराच विचार केलाय आणि मला तसं वाटत नाही. बॉलस्टन स्पाला त्यांना स्वतः खोटं बोलायचं होतं, रोज, वर्गातल्या प्रत्येकाशी, आणि ते उघडकीस येईल या भीतीत जगायचं होतं. इलिरियाला ते काहीच लपवत नव्हते, ते कोण आहेत हे कोर्टातल्या सगळ्यांना माहीत होतं, रक्ताचं गणित कोर्टाने केलं आणि त्याची लाज असलीच तर ती कोर्टाची. पण दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. या सनदीने नियम बदलला नाही. ज्याचे आईवडील दोघंही कृष्णवर्णीय आहेत अशा हुशार मुलाला त्या निकालाचा काहीही फायदा नव्हता, उलट त्याच निकालाने त्याला बाहेर ठेवलं असतं. लँगस्टन आत गेले आणि दार त्यांच्या मागे पुन्हा लागलं.

वकिली मात्र जोरात चालली. त्याच वर्षी कॅरोलिन वॉल यांच्याशी लग्न झालं. ब्राउनहेल्म या जवळजवळ पूर्ण गोऱ्या वस्तीत राहायला गेले, अशील बहुतेक गोरेच, आणि १८५५ मध्ये त्याच लोकांनी त्यांना टाउन क्लार्क म्हणून निवडून दिलं. ज्या समाजाला मत द्यायचाही हक्क नव्हता त्या समाजातला माणूस निवडणूक जिंकला. देशात निवडून आलेल्या अगदी पहिल्या कृष्णवर्णीय पदाधिकाऱ्यांमध्ये त्यांचं नाव घेतात.

त्यांच्या वकिलीचा कस बघायचा तर १८६२ चा खटला बघावा. एडमोनिया लुईस नावाची ओबर्लिनची विद्यार्थिनी, पुढे मोठी शिल्पकार झाली. तिने दिलेली मसालेदार गरम वाईन पिऊन दोन गोऱ्या मैत्रिणी आजारी पडल्या आणि विष दिल्याचा आरोप तिच्यावर आला. जमावाने तिला उचलून नेऊन इतकं मारलं की ती शेतात पडलेली सापडली. गावातल्या काही कृष्णवर्णीयांनाही वाटत होतं की लँगस्टन यांनी यात पडू नये. ते पडले, आणि भावनेचं भाषण न करता एकच मुद्दा लावून धरला की विष होतं याचा पुरावा कुठाय, पोटातलं काही तपासलेलंच नाही, मग गुन्हा घडला हेच सिद्ध होत नाही. आरोप तिथेच संपला. 

हॉवर्डचा टप्पा

यादवी युद्धात त्यांनी कृष्णवर्णीय पलटणींसाठी सैनिक भरती केले, युद्धानंतर १८६७ मध्ये देशाच्या सुप्रीम कोर्टात वकिली करायची परवानगी मिळाली, आणि मुक्त झालेल्या लोकांसाठीच्या सरकारी खात्यात, फ्रीडमेन्स ब्युरोत, शाळांचे निरीक्षक म्हणून दक्षिणेत भरपूर फिरले. नवे नागरिक, नवे हक्क, आणि ते कोर्टात मांडायला वकील नाहीत, हे त्यांनी गावोगाव बघितलं.

६ जानेवारी १८६९ ला हॉवर्ड युनिव्हर्सिटीचा कायदा विभाग सुरू झाला. विद्यार्थी सहा. शिक्षक चार. आठवड्यातून तीन संध्याकाळी वर्ग, तेही शिक्षकांच्या घरी आणि ऑफिसात. संध्याकाळी कारण विद्यार्थी दिवसा नोकरी करायचे, बरेचसे सरकारी कचेऱ्यांत कारकून. कोर्स दोन वर्षांचा. डीन लँगस्टन. १८७० मध्ये हार्वर्डला क्रिस्टोफर कोलंबस लँगडेल डीन झाले आणि त्यांनी निकालपत्रं वाचून प्रश्नोत्तरांतून कायदा शिकवायची पद्धत आणली, जी पुढे अमेरिकेच्या लॉ कॉलेजांत रूढ झाली. कायद्याच्या शिक्षणाच्या इतिहासात १८७० म्हटलं की लँगडेल यांचंच नाव येतं. माझ्या मते लँगस्टन यांचं नावही त्याच ओळीत हवं. एकाने वर्गात काय चालावं ते बदललं, दुसऱ्याने वर्गात कोण बसावं ते बदललं.

३ फेब्रुवारी १८७१ ला पहिला पदवीदान समारंभ झाला, दहा जण पदवीधर. त्यातले डी. ऑगस्टस स्ट्रेकर पुढे मिशिगनला गेले आणि १८९० मध्ये तिथल्या सुप्रीम कोर्टात एका हॉटेलात वेगळं बसवण्याविरुद्धची केस जिंकले. १८७२ मध्ये शार्लट रे पदवीधर झाल्या, सनद घेतली, देशातल्या पहिल्या कृष्णवर्णीय महिला वकील. पुढच्याच वर्षी, १८७३ मध्ये, देशाच्या सुप्रीम कोर्टाने मायरा ब्रॅडवेल यांना बाई म्हणून सनद नाकारायचा इलिनॉयचा निर्णय योग्य ठरवला, म्हणजे हॉवर्डचा हा छोटा विभाग त्या कोर्टाच्या किती पुढे होता ते कळतं. अर्थात पदवी म्हणजे पोट भरणं नाही. रे यांना पुरेसे अशील मिळाले नाहीत आणि त्या शेवटी न्यूयॉर्कला परत जाऊन शिक्षिका झाल्या. आणि मेरी ॲन शॅड कॅरी, ज्या १८६९ पासून या वर्गात होत्या, त्यांच्या हातात पदवी पडली १८८३ मध्ये. तेव्हा दार उघडं होतं म्हणजे सगळ्यांसाठी सारखंच उघडं होतं असं मी म्हणणार नाही.

याच काळात सिनेटर चार्ल्स समनर यांच्याबरोबर लँगस्टन यांनी नागरी हक्कांच्या विधेयकाच्या मसुद्यावर काम केलं, ते १८७५ मध्ये कायदा झालं आणि १८८३ मध्ये सुप्रीम कोर्टाने रद्द ठरवलं.

दुसरा पेचप्रसंग: १८७५

१८७३ मध्ये देशात मोठी मंदी आली, हॉवर्ड युनिव्हर्सिटी कर्जात होती, संस्थापक जनरल हॉवर्ड बाजूला झाले. लँगस्टन उपाध्यक्ष आणि प्रभारी अध्यक्ष म्हणून गाडा ओढू लागले. त्याच १८७३ मध्ये इकडे पुण्यात महात्मा फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केलं आणि अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केलं. फुल्यांनी तिकडे जे बघितलं ते खरंच होतं, लोकांनी त्यासाठी जीव दिले होते. पण मुक्ती मिळून आठ वर्षं झाल्यावर तिथला प्रश्न पुढच्या पायरीवर गेला होता, तो म्हणजे मुक्त झालेल्यांच्या संस्थेच्या खुर्चीवर बसायचं कुणी.

१८७५ मध्ये विश्वस्तांनी कायमचा अध्यक्ष निवडला. कृष्णवर्णीय विश्वस्तांचा पाठिंबा लँगस्टन यांना होता, गुलामगिरीतून सुटून तिच्याविरुद्ध लढलेले प्रसिद्ध नेते फ्रेडरिक डग्लस त्यांच्यात होते. गोरे विश्वस्त जास्त होते आणि त्यांनी जॉर्ज व्हिपल या गोऱ्या धर्मोपदेशकाला निवडलं. दीड-दोन वर्षं कठीण काळात संस्था चालवलेल्या माणसाला बाजूला केलं. लँगस्टन यांनी राजीनामा दिला, कायदा विभागाचे शिक्षकही त्यांच्याबरोबर बाहेर पडले.

हे विश्वस्त कोण होते? गुलामगिरीचे विरोधक, मिशनरी कामातले, आयुष्य या कामाला वाहिलेले. म्हणजे फाउलर यांच्यासारखीच भली माणसं. वर्गात कृष्णवर्णीय बसावेत हे त्यांना मनापासून हवं होतं, अध्यक्षाच्या खुर्चीत बसावेत हे मात्र पचलं नाही. बॉलस्टन स्पाला मागच्या बाकावर बस म्हणाले होते, इथे दोन नंबरच्या खुर्चीत बस म्हणाले.

निकाल

वैयक्तिक पातळीवर लँगस्टन थांबले नाहीत. १८७७ ते १८८५ हैतीमध्ये अमेरिकेचे राजनैतिक प्रतिनिधी, मग पीटर्सबर्गला व्हर्जिनिया नॉर्मल अँड कॉलेजिएट इन्स्टिट्यूटचे पहिले अध्यक्ष, १८८८ मध्ये काँग्रेसची निवडणूक लढवली, निकालावर वाद झाला, तो लढून सप्टेंबर १८९० मध्ये जागा मिळवली, व्हर्जिनियातून गेलेले पहिले कृष्णवर्णीय प्रतिनिधी. १५ नोव्हेंबर १८९७ ला वॉशिंग्टनमध्ये वारले.

कायदा विभागाचे मात्र हाल झाले. मंदीत विद्यार्थी आधीच कमी झाले होते, त्यात सगळे शिक्षक एकदम गेले, सावरायला वर्षं लागली. पण विभाग मेला नाही. १९२९ मध्ये कृष्णवर्णीय वकील चार्ल्स हॅमिल्टन ह्यूस्टन त्याची सूत्रं घ्यायला आले आणि १९३३ च्या तुकडीतून थर्गुड मार्शल बाहेर पडले, जे पुढे देशाच्या सुप्रीम कोर्टाचे पहिले कृष्णवर्णीय न्यायाधीश झाले. या दोघांनी अगदी सुरुवातीला जी एक लढाई लढली ती कुठली, तर मेरीलँडच्या सरकारी लॉ स्कूलने डोनाल्ड मरे या पदवीधराला रंगावरून प्रवेश नाकारला होता ती. जानेवारी १९३६ मध्ये मेरीलँडच्या वरिष्ठ कोर्टाने मरे यांना प्रवेश द्यायचा निकाल कायम केला. या वेळी रक्ताचं प्रमाण मोजायची गरज पडली नाही, राज्याने सर्वांना समान वागवलं पाहिजे या तत्त्वावर निकाल लागला, म्हणजे मागून येणाऱ्यालाही तो वापरता येणार होता.

वेगळं काय करता आलं असतं

बॉलस्टन स्पाचा नकार मी बदलणार नाही. लपून मिळवलेलं शिक्षण पुढे एका विद्यार्थ्याने उघडकीस आणलं असतं तर सनद तर गेलीच असती, वर ‘बघा, ही माणसं खोटारडी’ हे शेपूट सगळ्यांना लागलं असतं. नैतिक बाजू सोडा, व्यवहारातही तो सौदा वाईट होता.

१८५४ ला शपथ घेताना त्यांनी रक्ताच्या हिशोबावर हरकत घ्यायला हवी होती असं म्हणणारे लोक आहेत. मला ते पटत नाही. चोवीस वर्षांच्या माणसाने, मागे एकही संघटना नसताना, हातात आलेली सनद तत्त्वासाठी परत केली असती तर एडमोनिया लुईसच्या बाजूने १८६२ मध्ये कोण उभं राहिलं असतं? 

१८७५ चा मुद्दा मात्र वेगळा. राजीनामा समजण्यासारखा आहे, अपमान खराच होता. पण सगळे शिक्षक एकदम बाहेर पडल्याची किंमत वर्गातल्या मुलांनी दिली, ज्यांचा त्या मतदानात काही हात नव्हता. डीनपद सोडून एखाद्या सहकाऱ्याला मागे ठेवणं, निदान चालू तुकडी पूर्ण होईपर्यंत, हे करता आलं असतं असं मला वाटतं. आणि त्याहून मोठी गोष्ट आधीच करायला हवी होती. १८७० ते १८७३ या चांगल्या वर्षांत लँगस्टन यांचं वजन खूप होतं, तेव्हा विश्वस्त मंडळात माजी विद्यार्थ्यांना जागा मिळवून देण्याचा आग्रह धरला असता तर १८७५ चं गणित कदाचित वेगळं झालं असतं. हॉवर्डला पहिला कृष्णवर्णीय अध्यक्ष मिळाला तो १९२६ मध्ये, मॉर्डेकाय जॉन्सन, म्हणजे लँगस्टन यांना नाकारल्यानंतर ५१ वर्षांनी.

संध्याकाळच्या वर्गांचा प्रश्न मला अजून सुटलेला नाही. लँगस्टन यांनी ते सुरू केले म्हणून दिवसभर नोकरी करणारा गरीब मुलगा वकील होऊ शकला. ह्यूस्टन यांनी १९३० मध्ये तेच बंद केले, पूर्ण दिवसाचं कॉलेज केलं, १९३१ मध्ये अमेरिकन बार असोसिएशन या वकिलांच्या देशव्यापी संघटनेची मान्यता मिळवली आणि तिथून मार्शल यांच्यासारखे वकील घडले. पण नोकरी सोडणं ज्यांना परवडत नव्हतं त्यांच्यासाठी तो रस्ता त्या दिवशी बंद झाला. ह्यूस्टन यांना मोठ्या कोर्टात टिकतील असे थोडे पण अतिशय तयार वकील हवे होते, लँगस्टन यांना गावोगावच्या छोट्या कोर्टात उभे राहतील असे भरपूर. दोघांचे निर्णय आपापल्या काळाच्या गरजेतून आले आणि १९३० मध्ये ह्यूस्टन यांच्या जागी मी असतो तर मीही तेच केलं असतं, फक्त संध्याकाळची एक लहान तुकडी, कमी विषय आणि जास्त वर्षं अशी, चालू ठेवायचा प्रयत्न केला असता.